जळलेल्या डोंगरावरचा शेप्या

त्या डोंगरावर आम्ही गेलोच नसतो तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं. प्रवासाबद्दल लिहिणाऱ्याने अशी सुरुवात करू नये, हे मला कळतं. वाचणाऱ्याला तिथे जावंसं वाटलं पाहिजे. म्हणून आधीच सांगून टाकते की जागा फार सुंदर आहे. श्रावणात जा, पायात धड बूट घाला आणि छत्री घरी ठेवा, कारण वर वारा ती उलटी करून हातात देतो. मला वाईट वाटतं ते त्या जागेमुळे नाही. तिथे आमच्या हातून जे होऊन बसलं, त्यामुळे वाटतं.

सानपाडा

मी परभणीकडची. आमच्याकडे डोंगर म्हणजे लांबून दिसणारी निळी रेघ आणि धबधबा म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र. नोकरीपायी नवी मुंबईत आले, सानपाड्याला सोसायटीत घर घेतलं आणि समोरच्या दारात जुबेदा भेटली. जुबेदा कोकणी मुसलमान, इथल्याच मातीतली. आता जिथे सेक्टर आणि सिग्नल आहेत तिथे तिच्या वडिलांची भातशेती होती आणि घरामागे आंब्याची झाडं. शहरासाठी जमीन गेली, तिच्याबरोबर झाडंही गेली. बाकीच्या झाडांचं तिला फारसं काही नव्हतं. पण एक झाड तिच्या मनातून कधी गेलं नाही. ते झाड शेप्याचं.

शेप्या म्हणजे शेपूसारखा, बडीशेपेसारखा वास येणारा आंबा. लहानसा, हिरवट सालीचा, दिसायला अगदीच सामान्य. बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही. पण जुबेदाच्या आजीपासून त्यांच्या घरात लोणचं त्याचंच आणि आमरसही त्याचाच. गाव सुटायच्या आधी तिच्या अब्बांनी त्या झाडाचं एक कलम बांधलं आणि पनवेलच्या पुढे, डोंगरावरच्या ठाकूरवाडीत एका दोस्ताच्या बांधावर नेऊन लावलं. खालचं झाड तुटलं, पण वरचं वाढलं. त्या दोस्ताची सून हिराबाई दर उन्हाळ्यात एक टोपली शेप्या पनवेलच्या बाजारात जुबेदासाठी घेऊन यायची. त्या टोपलीतले चार आंबे मलाही मिळायचे. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी म्हटलं होतं, "हा आंबा आहे की जेवणानंतरची सुपारी?" नंतर मात्र मी त्याची वाट बघायला लागले.

मग एका वर्षी टोपली आलीच नाही. डोंगरावर वणवा लागला होता आणि झाड जळलं, असा निरोप आला. अब्बा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी जुबेदा ते आत्ताच गेल्यासारखी बसून होती. दोन उन्हाळे असेच गेले. त्यानंतरच्या आषाढात हिराबाई तिला बाजारात भेटली आणि म्हणाली, "तुज्या बापाचा आंबा फुटलाय गं."

जुबेदा तशीच माझ्या दारात आली. ओला बुरखाही तिने काढला नव्हता.

"शीलाताई, झाड जित्ता हाय! आपल्याला काड्या आनायच्या."

काड्या म्हणजे कलम बांधायला लागणाऱ्या कोवळ्या फांद्या. कोयीतून उगवलेल्या रोपाच्या शेंड्यावर चांगल्या झाडाची काडी बांधायची. ती जगली की रोपाला त्या चांगल्या झाडाची फळं येतात. नुसती कोय लावून तोच आंबा मिळत नाही, हे मला तिच्याकडूनच कळलं. आमच्या भागात आम्ही कोय उकिरड्यावर टाकतो आणि उगवलं तर देवाची कृपा म्हणतो. जुबेदाच्या गॅलरीत त्या वर्षी दुधाच्या पिशव्यांमध्ये आंब्याची रोपं रांगेने उभी होती. बाकी सगळी तयारी होती, फक्त काड्या हव्या होत्या.

तलावाकाठी

न्यायला तिचा धाकटा भाऊ हनीफ आला. हनीफ एपीएमसी मार्केटात फळांचा दलाल. माणूस बोलका, मनाने मोठा आणि घाईचा. त्याच्या टेम्पोत पुढे आम्ही तिघं आणि मागे रिकाम्या पेट्या. टेम्पोला मोसंबीचा वास येत होता. तुर्भ्याचे ट्रक मागे टाकून पनवेल ओलांडलं, तेव्हा पावसाने उघडीप दिली आणि समोर एकदम तलाव आला.

गाढेश्वरचा तलाव तुडुंब भरला होता. मी टेम्पोतून उतरून नुसती उभी राहिले. एवढं पाणी कुणीही न वापरता पडलेलं असू शकतं, हे आमच्या गावच्या माणसाला पटत नाही. आमच्याकडे टँकर आला की बायका घागरीसकट धावतात. इथे पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि म्हशी त्याच्याकडे बघतही नव्हत्या. पलीकडे डोंगराचे कडे ढगात गेलेले आणि त्यांच्या अंगावरून पांढऱ्या रेघा खाली आलेल्या.

"ते सगळे धबधबे?" मी विचारलं.

"ताई, हे तर सँपल हाय," हनीफ म्हणाला. "माल वर हाय."

हिराबाई पायथ्याशी वाट बघत होती. काटक, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत लुगडं आणि कमरेला कोयता. तिने आम्हाला आधी आपल्या पाहुण्यांच्या झोपडीत नेलं. तांब्याभर पाणी दिलं, मग तांदळाची भाकर आणि कुर्डूची भाजी वाढली. जुबेदाने डब्यातून जवळ्याची चटणी काढली. सगळ्यांनी एकाच पाटीतून भाकरी उचलल्या. तू कोणाची, कुठली, हे हिराबाईने मला विचारलंच नाही. माझ्या आईला गावात वरून पाणी ओतलेलं मी लहानपणी पाहिलेलं आहे. त्या झोपडीत पाणी पिताना मला आईची फार आठवण झाली आणि ती कधी असल्या प्रवासाला आली नाही याचं वाईट वाटलं. पण भाजी इतकी चवदार होती की वाईट वाटता वाटताही मी तिसरी भाकर घेतली.

जळीत

पहिला चढ कारवीच्या झुडपांतून होता. हिरवी, दाट, अंगावर पाणी शिंपडणारी कारवी. त्या चढावरच माझ्या सँडलचा पट्टा तुटला. हनीफने सुतळीने तो असा बांधला की जणू आंब्याची पेटीच बांधतोय. मग ओहोळ लागला. ओहोळ ओलांडून वळलो आणि जळीत सुरू झालं.

मला वाटलं होतं, जळलेलं रान म्हणजे काळंभोर, भकास काहीतरी असेल. ते तसं नव्हतं. दोन पावसाळ्यांनी खाली सगळं हिरवं करून टाकलं होतं. गुडघाभर गवत, त्यात तेरड्याची गुलाबी फुलं, दगडांवर रानकेळीची रुंद पानं. आणि त्या हिरव्यातून उभे राहिलेले काळे खांब. ऐन, किंजळ, साग. हात लावला की हाताला कोळसा लागायचा. काही खांबांच्या बुडातून नवे धुमारे आले होते, काहींच्या आले नव्हते. पाखरं मात्र त्याच काळ्या फांद्यांवर बसून गात होती.

"कुनी पेटवलं?" हनीफने विचारलं.

"गवत पेटवतात नवं यावं म्हणून. वारा सुटला नि गेला हाताबाहेर," हिराबाई म्हणाली. "दोन दिस जळत व्हता डोंगर. आमी पोरंबाळं घेऊन तलावाकडं उतारलो."

"मग आता बरंच आलंय की परत," मी म्हणाले.

"आलंय. पर रानमोडीच लई आलीया." तिने कोयत्याने एक झुडूप बाजूला सारलं. "हिला ढोर खात नाय, मानूस खात नाय. हिरवी दिसतीय नुसती."

वरच्या पठारावर एक छोटं तळं होतं. तेही काठोकाठ भरलेलं, त्यात पांढरी कमळं आणि काठावर एक म्हातारा खेकडे धरत बसलेला. जुबेदा तिथे थांबलीच नाही. पंचावन्नची बाई, एरवी लिफ्ट बंद पडली की सोसायटीच्या सेक्रेटरीला दम भरणारी. ती आमच्या सगळ्यांच्या पुढे चालत होती. मी हाक मारली, तर मागे न बघता म्हणाली, "तू ये सावकाश. मना दिसला तो."

बांधावर

झाड ओहोळाच्या काठच्या बांधावर होतं. खोड माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढं, आणि वरपर्यंत जळालेलं. आतून पोखरलेलं. फांद्या झडून गेल्या होत्या. ओहोळाच्या बाजूला एकच राहिली होती, वाकडी, साल तडकलेली, भोकं पडलेली. तिच्या टोकाला मळकट पानांचे दोन-तीन झुबके. पण बुडाशी, जमिनीपासून वीतभरावर, अशी काही पालवी फुटली होती की बघत राहावं. सरळ, टवटवीत, पुरुषभर उंचीचे धुमारे. शेंड्यांना तांबूस कोवळी पानं.

जुबेदा खाली बसली. त्या धुमाऱ्यांना तिने दोन्ही हातांनी कवटाळलं आणि रडू लागली. "अब्बा, बघा काय फुटलाय," असं काहीतरी म्हणत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी तिला एवढ्या आनंदात कधीच पाहिलं नव्हतं.

हनीफने झाडाभोवती एक फेरी मारली. मार्केटात नवी गाडी लागली की तो पेट्यांभोवती फिरतो, तसाच. मग वर बघून म्हणाला, "आपा, ही फांदी खल्लास हाय. किडा लागलाय. हा किडा खाली उतरला तर नव्याची पन वाट लावेल."

"मंग?"

"मंग काय? पेटीत एक कुजका राहिला की पेटी गेली. कुजका आधी बाहेर."

जुबेदाने डोळे पुसले. "काप," ती म्हणाली. "नव्याला जोर येऊ दे."

हनीफने हिराबाईचा कोयता घेतला, बांधावर चढला आणि फांदी बुडापासून साफ उतरवली. ती ओढत नेऊन त्याने ओहोळात ढकलली. ओहोळाला जोर होता. फांदी दोन गिरक्या खाऊन वळणापलीकडे गेली. मग त्याने हसत हसत धुमाऱ्यांमधल्या उत्तम काड्या निवडल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, कोंबाचे डोळे फुगलेले. निवडीत हनीफचा हात कोणी धरणार नाही. जुबेदा त्या एकेक करून ओढणीत घेत होती आणि हिराबाई म्हणत होती, "बास कर, समदं झाड न्हेतीस का सानपाड्याला?" आम्ही सगळेच हसत होतो. परत येताना तळ्याजवळ मी कमळं बघत उभी राहिले, तेव्हा वाटलं, एवढ्या चांगल्या कामासाठी आपण कधी कुठे गेलो नव्हतो.

धबधब्याखाली

उतरताना हिराबाईने वेगळ्या वाटेने नेलं, कारण मला धबधबा जवळून बघायचा होता. तोच ओहोळ पठाराच्या कडेवरून खाली उडी घेतो. खाली डोह आहे, काळा, खळबळणारा. तुषार अंगावर येतात आणि बोलायचं तर ओरडावं लागतं. पोहता येत नसल्यामुळे मी लांबच्या खडकावर बसले. सांगायला हरकत नाही, मला त्या पाण्याची भीतीच वाटली. कॅलेंडरवर आवाज नसतो.

जुबेदा माझ्या शेजारी बसून काड्यांची तयारी करत होती. काडीची पानं काढून टाकावी लागतात, नाहीतर ती सुकते. पानं खुडायची, काडी ओल्या फडक्यात गुंडाळायची. असं चाललं होतं. मध्येच तिचे हात थांबले. तिने बोटं नाकाशी नेली. मग एक पान घेऊन चुरगळलं, हुंगलं. दुसरं चुरगळलं. तिसरं माझ्या नाकापुढे धरलं.

"कसला वास येतो?"

"आंब्याच्या पानाचा," मी म्हणाले.

"शेपूचा?"

मी पुन्हा हुंगलं. "नाही."

"शेप्याच्या पानाला पन वास येतो, ताई. पान चुरगाळला की हात दिवसभर वासाचा."

हनीफ आला. त्यानेही हुंगलं. "पावसाचा दिवस हाय, वास कमी येत असेल," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता.

मग जुबेदाने सांगितलं, माझ्याकडे बघत, कारण भावाकडे बघणं तिला जमत नव्हतं. अब्बांनी ते कलम कसं बांधलं ते तिने पाहिलं होतं. तेव्हा भेट कलम बांधायचे. साध्या कोयीचं रोप कुंडीत वाढवायचं, कुंडी माचाण बांधून शेप्याच्या फांदीजवळ टांगायची आणि रोप नि फांदी एकमेकांना घट्ट बांधायची. कुंडीला रोज पाणी घालायचं काम तिचंच. जोड एकजीव झाला की रोपाचा स्वतःचा शेंडा कापून टाकायचा आणि फांदी मूळ झाडापासून सोडवायची. म्हणजे जोडाच्या वर शेप्या, खाली साधी कोय.

"आगीनं वरचा जाळला," ती म्हणाली. "बुडातनं फुटला तो कोयीचा. शेप्या नाय तो."

"आणि वरची ती फांदी?" मी विचारलं, आणि विचारल्याचा मला लगेच पश्चात्ताप झाला.

हनीफ उठला आणि ओहोळाच्या काठाने वर पळत सुटला.

तो दिसेनासा झाला आणि पावसाने पुन्हा जोर धरला. हिराबाई त्याच्या मागे गेली. आम्ही दोघी खडकावर भिजत बसलो. जुबेदाने काड्यांचं फडकं मांडीवर धरलं होतं. तिने भावाला बोल लावला नाही. "काप, मीच बोलली," एवढंच दोनदा म्हणाली. मी तिचा हात धरला आणि धबधब्याकडे बघत बसले. दुपारभर ज्याच्यासाठी उत्सुक होते तो धबधबा मला तेव्हा बघवत नव्हता.

बऱ्याच वेळाने दोघं आली. हनीफचा गुडघा फुटला होता, शर्ट फाटला होता. कड्याच्या अलीकडे दगडात फांदी अडकलेली त्याला सापडली होती. पाण्याने आपटून तिची साल निघाली होती. पानं जवळजवळ सगळी गेली होती. एक अर्धं पान उरलं होतं, ते त्याने मुठीत धरून आणलं होतं. मूठ उघडायच्या आधीच वास आला. बडीशेपेचा, अगदी स्वच्छ.

हनीफ खाली बसून लहान मुलासारखा रडला. "आपा, मी आयुष्यभर माल निवडला गं," तो म्हणत होता. जुबेदाने ओढणीने त्याचा गुडघा बांधला.

परत

त्या फांदीच्या चार काड्या निघाल्या. सुरकुतलेल्या, डोळे बसलेल्या. जुबेदाने रात्र न होऊ देता घरी पोचल्या पोचल्या त्या बांधल्या. सगळ्यांत चांगली रोपं त्यांना दिली. उरलेल्या रोपांवर तिने बुडातल्या धुमाऱ्यांच्या काड्याही बांधल्या. मी म्हटलं, त्या कशाला? तर म्हणाली, "आनल्यात तर फेकू कशा?"

शेप्याच्या चारही काड्या एकामागून एक काळ्या पडल्या. रोज सकाळी दार उघडलं की मी तिच्या तोंडाकडे बघायची आणि मला कळायचं. पुढच्या पावसाळ्यात हनीफ एकटा डोंगरावर जाऊन आला. कापल्या जागी काहीच फुटलं नव्हतं. त्यानंतरही तो जात राहिला. मी एकदाही गेले नाही.

धुमाऱ्यांच्या काड्या मात्र सगळ्याच्या सगळ्या जगल्या. त्यांतलं एक कलम सोसायटीच्या मागच्या भिंतीशी लावलं. माजलं ते. त्याला यंदा पहिल्यांदा आंबे धरले, म्हणून हे लिहायला बसले.

परवा जुबेदाने पिकलेला पहिला आंबा कापला. हनीफ मार्केटातून मुद्दाम आला होता. तिने तीन फोडी केल्या. हनीफने फोड तोंडाला लावली आणि खाली ठेवली.

"कसा हाय?" तिने मला विचारलं.

आंबा आंबट होता आणि दोऱ्यांनी भरलेला. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "आंबट आहे," मी म्हणाले.

"हां. आंबट हाय." ती चघळत राहिली. "अब्बांनी ही कोय मातीत घातली, वर दुसरा बांधला नि हिचा शेंडा कापून टाकला. हिला कधी फळूच दिला नाय. मीच पानी घालायची, पन मना पन कधी वाटला नाय, हिचा आंबा कसा असेल."

हनीफने मान वर केली.

"हा अब्बांनी पन कधी खाल्लेला नाय," जुबेदा म्हणाली आणि त्याची फोड उचलून पुन्हा त्याच्या हातात दिली. "संपव."